बारा चेकर, वीस मिनिटं

१४ मे १९९४, शनिवार. मनामा, बहारीन

रोजनिशी लिहायची ही माझी तिसरी खेप. पहिली गोव्याच्या ट्रॉलरवर खाऱ्या पाण्यात गेली. दुसरी हैदराबादला बिस्किटाच्या कारखान्यात राहिली, कारण मी तिथून निघालो ते न सांगता. या वेळी ठरवलंय, रोज नाही जमलं तरी काही घडलं की लिहायचं.

आज घडलं. मीना सलमान बंदरातल्या आमच्या गोदामात मी कागद इकडून तिकडे पोचवायचं काम करतो. नोकरी ताहिरमामूंनी लावून दिली. मामू हेड चेकर. बारा चेकर सकाळपासून रॅकसमोर उभे असतात, जहाजांच्या सुट्या भागांच्या पेट्यांवरचे नंबर वाचतात आणि शीटवर खुणा करतात. एक आकडा चुकला की भलत्या जहाजाला भलताच व्हॉल्व्ह जातो, मग तिकडून फोन येतो आणि मॅनेजर कोशीसाहेब लाल होतात.

पर्सोनेलच्या श्रद्धाताईंनी मला बोलावलं. मला वाटलं, उशिरा येण्याबद्दल ऐकवणार. तर म्हणाल्या, "नुमान, तू एका जागी टिकत नाहीस असं तुझे मामू सांगतात. मला असाच माणूस पाहिजे."

असं मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

ताई महाडच्या. यजमान दशरथदादा हिद्दला इलेक्ट्रिशियन आहेत. ताई इथे नोकरी करून मुंबई विद्यापीठाचं मानसशास्त्राचं एम.ए. पोस्टाने करतात. शेवटचा प्रबंध राहिलाय. त्यांचं म्हणणं, माणसं आळशी म्हणून चुकत नाहीत, लक्ष थकतं म्हणून चुकतात. दहा वाजता वीस मिनिटं एसीच्या खोलीत बसायला दिलं तर चुका कमी होतील. कोशीसाहेब म्हणाले, "प्रूव्ह करो, मॅडम. मैं दे दूँगा." पण सप्टेंबरात नव्या वर्षाची कॉन्ट्रॅक्टं व्हायच्या आत.

ही गोष्ट सगळ्यात जास्त कुणाला हवी असेल तर आमच्या मेसच्या, म्हणजे एकत्र राहण्या-जेवण्याच्या खोलीतल्या, रहिमतुल्लाचाचांना. तेही चेकर. दुपारपर्यंत त्यांचे पाय सुजून चपलेत मावत नाहीत. कोशीसाहेब बोलून गेलेत, उभं राहवत नसेल तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट नको. चाचांची लेक नाझिश चिपळूणला कॉलेजात आहे, अजून दोन वर्षं बाकी.

२१ मे

माझं काम असं: संध्याकाळी प्रत्येक चेकरने तपासलेल्या पेट्यांतल्या चाळीस परत तपासायच्या आणि चुका मोजायच्या. त्याआधी सराव म्हणून ताईंनी आठवडाभर मला आणि मामूंना चेकिंगला उभं केलं. आज दोघांच्या चुकांची सरासरी काढली. जवळजवळ सारखी! मी मेसभर मिरवलं.

ताईंनी बोलावून रोजचे आकडे दाखवले. मामू रोज पाच, सहा, पाच, सहा. मी एक दिवस शून्य, दुसऱ्या दिवशी चौदा. चौदा आले त्या दिवशी रॅकच्या माथ्यावर कबुतराने घरटं केलं होतं, ते मी बघत होतो.

"सरासरी अर्धीच गोष्ट सांगते," ताई म्हणाल्या. "आकडे तिच्याभोवती किती पसरलेत तेही बघायचं. त्याला विचलन म्हणतात. तू म्हणजे नुसतं विचलन आहेस बघ."

"मग मला कशाला घेताय?"

"एका दमात चाळीस पेट्या तपासण्यापुरतं तुझं चित्त टिकतं. त्यापुढे मी जाणार नाही."

शाळेत मास्तरांनी हेच मला काठीने सांगितलं होतं. पण त्यांनी आकडे काढून दाखवले नव्हते.

२ जून, गुरुवार

शनिवारपासून सुरुवात. सहा जणांना दहा वाजताची वीस मिनिटांची सुट्टी, सहा जणांना नाही. चार आठवडे. ताईंनी बारा नावांच्या चिठ्ठ्या देऊन सांगितलं, "डोळे मिटून सहा काढ. त्यांना सुट्टी." त्या स्वतः मीटिंगला गेल्या.

मी काढल्या. पण निघालं भलतंच. चाचा आत, मामू बाहेर. पलीकडच्या मेसचे तीन आत, तीन बाहेर. आता प्रत्येक मेसचा नाश्त्याचा डबा एकच येतो. निम्म्यांनी एसीत बसून खायचं आणि निम्म्यांनी रॅकपाशी उभं राहून त्यांच्याकडे बघायचं? आमच्यात एकट्याने घास घेत नाहीत. म्हणून मी जुळवून घेतलं. आमच्या मेसचे सहा सुट्टीत, पलीकडचे सहा बिनसुट्टीत. सहा ते सहाच राहिले. आमचे वयाने मोठे, त्यांना गरजही जास्त. डबा फुटला नाही, कुणाचं मन दुखलं नाही. काम सफाईने झालं.

१८ जून

दोन आठवडे झाले. चुका दोन्हीकडे सारख्याच. मला वाईट वाटलं, ताईंना नाही. "आकडे येऊ देत," एवढंच.

कालपासून फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला. अमेरिकेत चाललाय, म्हणजे इथे मॅच रात्री उशिरापर्यंत. पलीकडच्या मेसने वर्गणी काढून कलर टीव्ही आणला. मामू आमच्या खोलीत टीव्ही घेऊ देत नाहीत, रात्रीची इशाची नमाज झाली की दिवा बंद. मी रोज तिकडेच जाणार. माझा दोस्त अर्शद पण येतो, तो हिद्दला होड्यांच्या कारखान्यात असतो. म्हणतो, "गोदामात काय सडतोस? कंपनीकडून रिलीज घे नि ये माझ्याकडे. समुद्राला पाठ लावून काम." समुद्राला पाठ! मन लगेच तिकडे गेलं. ताईंचं काम आटोपलं की बघू.

२ जुलै

जिंकलो! शेवटच्या दोन आठवड्यांत सुट्टीवाल्यांच्या चुका बिनसुट्टीवाल्यांच्या निम्म्या. निम्म्या!! चाचांनी मला मिठी मारली. मामू म्हणाले, "बाईचं डोकं हाय बघ. आमच्या गावात असती तर सरपंच केली असती." कोशीसाहेबांच्याही कानावर गेलं, ते म्हणाले, "व्हेरी गुड, रिपोर्ट लाओ."

एकट्या ताईच आकडे समोर ठेवून बसल्या होत्या. "पहिले दोन आठवडे काहीच नाही, आणि तिसऱ्याला एकदम कसं?"

"सुट्टी अंगात मुरायला वेळ लागत असेल," मी म्हटलं.

"सुट्टीवाल्यांच्या चुका कमी झाल्याच नाहीत रे. होत्या तिथेच आहेत. दुसऱ्यांच्या वाढल्यात."

जिंकलेल्या माणसाने असलं उकरून कशाला काढायचं?

४ जुलै

आज काय झालं ते मला अजून नीट उमजत नाही.

चहा घेऊन ताईंकडे गेलो. त्या विचारत होत्या, गोदामात काही बदललं का, गर्मी कुठे जास्त आहे का. मी हसत सांगितलं, "ताई, पलीकडचा मेस सगळा जागरणाने मेलाय. रॅकला टेकून झोपतात. बिचाऱ्यांच्या चुका वाढणारच."

"सगळा मेस? त्यातले निम्मे सुट्टीत असतील ना?"

"नाही नाही, सुट्टीत आमचाच मेस. चिठ्ठ्या वेड्यावाकड्या निघाल्या होत्या, मी नीट लावून घेतल्या." आणि डब्याचं सगळं समजावून सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

ताईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "नुमान, आपण सुट्टी मोजलीच नाही. आपण टीव्ही मोजला."

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो बघितलाही नाही.

"चिठ्ठी आंधळी असते, तेच तिचं काम. जागरण करणारा, लवकर झोपणारा, म्हातारा, तरुण, सगळे दोन्हीकडे आपोआप वाटले जातात. मला माहीत नसलेल्या गोष्टीसुद्धा वाटल्या जातात. तू डोळे उघडून वाटणी केलीस, ती डब्याच्या हिशोबाने झाली."

"पण ताई, आकडे तर आपल्या बाजूचे आहेत. साहेबांना कुठे ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे ना."

मग कपाळ दाबत म्हणाल्या, "आणि संध्याकाळी तपासताना तुला कळत होतं ना, कुठली पेटी कुणाची ते? पुसट आकडा असला, चुकीचा की बरोबर कळेना, तर चाचांना काय द्यायचास?"

मी खोटं नाही बोललो. "बरोबर द्यायचो."

"तुझी नजर चांगली आहे. पण मनही चांगलं आहे. तेच नडलं."

५ जुलै

ताईंनी कोशीसाहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, पहिले आकडे बाद. मेसमध्ये वादळ. मामू भाताचं पातेलं आपटून म्हणाले, "हाताशी आलेला घास! कुठलं शास्त्र हे? माणूस बघत नाय, नि म्हणं मनाचं शास्त्र!"

चाचा पाय उशीवर ठेवून पडले होते. म्हणाले, "ताहिर, बाईला शिव्या नको देऊ. तिला कमी वाईट वाटत असेल?"

मी माझ्यामुळे झालं असं सांगितलं. मामूंनी बघितलं आणि म्हणाले, "ते नवीन सांगितलंस काय?"

हिद्दचं डोक्यात आलं. बस पकडली की झालं. अशा वेळी मी नेहमी तेच केलंय.

१२ जुलै

गेलो नाही. ताईंनी घरी जेवायला बोलावलं, म्हणून राहिलो. सुकटीची चटणी होती. दशरथदादा कुरियरबद्दल काहीतरी विचारत होते, प्रबंध एकतीस तारखेपर्यंत मुंबईला पोचायचा होता म्हणे. ताई म्हणाल्या, "आता घाई नाही." बरं झालं, त्यांच्यामागची गडबड तरी कमी झाली. त्यांची सहा वर्षांची स्मिता इंग्रजीतच बोलते. ती मला म्हणाली, "मम्मी इज नॉट पासिंग धिस इयर." पोरीला काय कळतंय! परीक्षा झालीच नाही, तर नापास कुठून? ताई हसल्या आणि तिच्या ताटात भात वाढला. दादा हसले नाहीत. त्यांना बहुतेक चटणी तिखट लागली.

जेवण झाल्यावर ताईंनी फरशीवर खडूने दोन चौकोन काढले. नवी तऱ्हा अशी: तीन आठवडे पहिल्या सहांना सुट्टी, दुसऱ्यांना नाही. मग अदलाबदल, पुढचे तीन आठवडे दुसऱ्यांना सुट्टी, पहिल्यांना नाही. म्हणजे प्रत्येक माणूस दोन्ही करणार आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच. म्हातारा म्हाताऱ्याशी, झोपाळू झोपाळूशी.

मी चौकोनांकडे बघतच राहिलो. जगात इतकी वाटण्या करणारी माणसं बघितली, ट्रॉलरचा मालक, हॉटेलचा मालक, पण अशी वाटणी नाही बघितली. कुणाचंच कायमचं मारलं जात नाही, आणि तरी खरं काय ते कळतं.

"हे आधीच का नाही केलं, ताई?"

"आधी मला सुचलं नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या शिकलेल्या बाईने असं सरळ म्हणावं याचं मला फार अप्रूप वाटलं.

२१ जुलै, गुरुवार

वर्ल्ड कप संपला, टीव्ही थंडावला. ताईंनी बाराही जणांना गोळा केलं. आधी सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "ज्याला नको असेल त्याने आत्ता सांगा. मधूनही केव्हाही बाहेर पडता येईल, कुणी विचारणार नाही." मग तुपाचा रिकामा डबा फिरवला. ज्याची त्याने चिठ्ठी काढली.

मामूंना सुट्टी आधी. चाचांना नंतर.

मामू म्हणाले, "माझी त्यांना द्या. मी उभा राहतो."

सगळे ताईंकडे बघत होते. ताईंचा चेहरा मी बघितला. द्यायचं मन त्यांनाही होतं, हे मला दिसलं. तरी म्हणाल्या, "नाही ताहिरभाई. एकाची बदलली की सगळ्यांची गेली."

"मग चाचांनी यातून बाहेर पडावं. त्यांना तसं बसू द्या."

"ते चाचांनी ठरवायचं."

चाचा चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "मी निघालो तर कोशी बोलेल, म्हातारे पळाले, जवान ठेवून हिशेब केला. राहतो मी. तीन हफ्ते काय, इंशाल्ला निघतील."

या वेळी माझ्याकडे नावं येणार नाहीत. पेट्यांवर फक्त खुणेचे नंबर असणार, आणि कुठला नंबर कुणाचा ते ताईंकडे. दहा वाजता मला गोदामातून बाहेरच काढणार, कोण बसलंय ते दिसू नये म्हणून. धक्क्यावर जाऊन बसायचं. अशी शिक्षा रोज मिळो.

६ ऑगस्ट

गोदामात श्वास घेववत नाही. आज चाचा जिन्यापाशी खाली बसले आणि उठेनात. ताई धावत आल्या, स्वतः पाणी दिलं, म्हणाल्या, "चाचा, पुरे. मी तुमचं नाव काढते."

"नाव काढशील तर बघ," चाचा म्हणाले. ताईंना अगं-तुगं करताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. "हफ्ता राहिलाय. माझी पोर तुझ्यासारखी शिकते हाय. ती काय म्हणेल, बाप अर्ध्यात उठला?"

ताईंनी त्यांना दवाखान्यात पाठवलं. उद्या आले तर त्यांच्या मर्जीने, असं डॉक्टरसमोर म्हणायला लावलं. नंतर त्या ऑफिसात दार लावून बसल्या. मी कागद घेऊन गेलो तर डोळे लाल. एसीची हवा त्यांना बाधते बहुतेक.

७ ऑगस्ट

चाचा वेळेवर हजर.

१३ ऑगस्ट

अदलाबदल. गंमत म्हणजे आता मामू उभे आणि चाचा आत. मी बघितलं नाही, धक्क्यावर होतो. मेसमध्ये मामूच सांगत होते, "म्हातारा आत गेल्या गेल्या घोरायला लागला."

अर्शद विचारतो कधी येतोस. म्हटलं, एवढं संपू दे.

२ सप्टेंबर, शुक्रवार

काल शेवटचा दिवस झाला. नंबरांची नावं आज उघडली. सुट्टीच्या आठवड्यांत चुका एकूण चौथ्या हिश्श्याने कमी. निम्म्या नाहीत. बारांपैकी दहा जणांच्या कमी झाल्या, दोघांच्या किंचित वाढल्या. मी हिरमुसलो. म्हटलं, गेल्या खेपेला बरं होतं.

ताई म्हणाल्या, "गेल्या खेपेचं खोटं मोठं होतं. हे खरं आहे, म्हणून लहान आहे."

"पण दहा जणांचं नुसत्या नशिबानेही झालं असेल की."

ताईंचा चेहरा असा उजळला की मी काय बोललो ते मलाच कळेना. "शाब्बास! हाच प्रश्न." पर्समधून शंभर फिल्सचं नाणं काढून दिलं. "सुट्टीने काहीच फरक पडत नसेल तर प्रत्येक माणूस म्हणजे एक नाणं, इकडे पडेल नाहीतर तिकडे. बारा वेळा उडव. दहा किंवा जास्त एकाच बाजूला किती खेपा पडतात ते बघ."

मेसमध्ये दुपारपासून तेच. चाचा मोजत होते, मामू अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, चल, करत होते, पलीकडच्या मेसचेही येऊन बसले. सात-पाच, सहा-सहा, आठ-चार. पन्नास खेपांत दहा फक्त दोनदा आले. सुट्टीचा काही उपयोग नसता तर असं शंभरात चारेकदा घडलं असतं, हे ताईंनी कागदावर आधीच काढून ठेवलं होतं. नाणं आणि कागद जुळले तेव्हा अंगावर काटा आला. मी सुरुवात करून शेवटपर्यंत बसलो असं हे पहिलंच काम असावं.

"म्हणजे सिद्ध झालं?" मी विचारलं.

"म्हणजे नशिबावर ढकलणं अवघड झालं. त्यापुढे मी बोलणार नाही. बाराच माणसं आहेत, एकच उन्हाळा आहे."

७ सप्टेंबर

कोशीसाहेबांच्या केबिनमध्ये फाइल धरायला मीच होतो.

साहेबांनी पहिलं पान वाचलं. "मॅडम, पहले आधा बोला था. अब चौथाई?"

"पहला नंबर गलत तरीके से आया था, सर. ये ठीक से आया है."

साहेबांनी थोडा वेळ पेन फिरवलं. "ओके. मैं दस मिनट दे देता हूँ. खलास."

माझा जीव भांड्यात पडला. दहा तर दहा! चाचा बसतील तरी. ताईंनी थँक्यू म्हणायची वाट बघत होतो.

ताई म्हणाल्या, "दस का मुझे मालूम नहीं, सर. मैंने बीस नापा है."

"अरे, बीस से चौथाई, तो दस से उसका आधा. सिंपल हिसाब है."

"वो अंदाज है, सर. हिसाब नहीं. दस पे शायद कुछ भी ना हो. फिर आप बोलेंगे ब्रेक बेकार है, और मेरा नाम नीचे लिखा होगा."

मी मनात म्हणत होतो, ताई, घ्या हो, घ्या. साहेबांनी पुढचं पान उलटलं. तिथे ताईंनी स्वतःच लिहिलं होतं, काय काय चुकलं असू शकतं ते. अख्खं पानभर. साहेबांनी ते वाचलं, पहिल्या पानापेक्षा सावकाश.

"जो भी इस कुर्सी के सामने आता है," ते म्हणाले, "सब मालूम है बोलके आता है." आणि वीस लिहून सही केली. पुढच्या मेपर्यंत. मग बघू म्हणाले. चाचांच्या कॉन्ट्रॅक्टचा कागदही त्याच ट्रेमध्ये होता. तो त्यांनी उचलला, सही केली आणि माझ्या हातात दिला. "यल्ला, जाओ."

जिन्यावर ताई कठड्याला धरून थांबल्या. केबिनमध्ये त्यांना भीती वाटली असेल हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

१७ सप्टेंबर, शनिवार

आज दहा वाजता पहिल्यांदा बाराही जण एकदम आत बसले. दोन मेसचे दोन डबे मध्ये उघडले आणि कुणाची चपाती कुणाच्या हातात गेली कळलं नाही. चाचांनी पाय खुर्चीवर घेतले. मामूंनी ताईंना हाक मारली, "ओ मनाच्या डॉक्टर, या आत, उभ्या काय?"

ताई दारातच होत्या, सवयीने कागद हातात. मी विचारलं, "काय झालं ताई? खूश नाही?"

"खूश आहे रे. पण बघ ना, सगळ्यांनाच मिळाली. आता तुलना करायला कुणी उरलंच नाही."

"मग आता?"

त्यांनी कागद दुमडला आणि चाचांशेजारी सरकवलेल्या खुर्चीत येऊन बसल्या. "आता काय," म्हणाल्या, "चहा दे."